चांगल्या बातमीची एक रिंग

टेलिफोन आणि इंटरनेटच्या लाइनींतलं आर्णीत कोणाला काही कळत असेल, तर ते फक्त मला! हे लोक म्हणत नाहीत, मीच म्हणतो. पण खात्रीनं म्हणतो. डायल-अप कशी चालते, आयएसडीएन कशाशी खातात, लीज लाइन कोणाला परवडते, ब्रॉडबँड आमच्याकडे कधी येणार (कधीच नाही!), सगळं मला तोंडपाठ. घरी डायल-अप आलं, तेव्हा शेजारच्या उकंडाला ओट्यावर बसवून मी बराच वेळ समजावलं.

"उकंडाभाऊ, तार एकच. तिच्यातून एक तर आपण बोलायचं, नाहीतर इंटरनेटनं. दोघांना एकदम जागा नाही."

"म्हंजे आमच्या न्हाणीवानी," उकंडा म्हणाला. "एक आत, तं दुसरा भाईर!"

त्याला हे समजणं भाग होतं, कारण आमचा फोन नावालाच आमचा होता. अख्खी गल्ली पाहुण्यांना आमचाच नंबर द्यायची. पैसे वाचवायला कोणी बोलत मात्र नसे, नुसती रिंग द्यायची. चांगली बातमी असली तर एक, वाईट असली तर दोन. कोणाचा फोन कधी यायचा, ते आधीच ठरलेलं असे. आणि इकडे कोणी उचलायचा नाही! उचलला की पलीकडच्याचा रुपया कॉइन बॉक्सच्या डब्यात पडलाच.

त्या वर्षी दोन रिंगाच फार वाजत. कापसाला भाव नव्हता. कापसातली सरकी काढणारी जिनिंग बंद पडली होती, आणि तिथं कामाला असलेला उकंडा घरी बसला होता. फोन वाजला की गल्ली श्वास रोखून मोजायची आणि मग गुपचूप आपापल्या घरात जायची. मला त्या फोनची धास्तीच बसली होती.

अशात उकंडाचा मुलगा प्रफुल्ल नागपूरकडे एका कारखान्यात मुलाखतीला गेला. त्याला नोकरी लागली नाही, तर उकंडा मुकादमाच्या गाडीत बसून हैदराबादला बांधकामावर जाणार होता. कापसाच्या धुळीनं छाती भरलेला माणूस, दोन पावलं चालला की खोकायचा! त्याची बायको सत्यभामाबाई त्या काळजीनं धड जेवतही नव्हती.

नेमका तेव्हाच माझ्या डोक्यात फॅक्स घुसला. मोडेमवर घरबसल्या फॅक्सही येतो, हे ज्ञान मला झालं होतं. मी संगणकात ती सोय चालू करून ठेवली.

"आपल्याला फॅक्स कोण पाठवणार आहे?" माझी बायको रजनी म्हणाली.

"आला तर?"

"आणि ती डबी किंचाळते, त्याचं काय?"

मी मोडेमचा आवाज बंद करून टाकला. प्रश्न मिटला!

ठरल्या दिवशी सगळे आमच्या बैठकीत जमले. फोन वाजला. ट्रिंग! आणि थांबला.

एकच!

"लागली व माय, लागली!" म्हणत सत्यभामाबाई रजनीच्या गळ्यात पडून रडली. उकंडा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मुकादमाची गाडी दारात आली, तेव्हा तो ओट्यावरूनच ओरडला, "जा तुम्ही! मी कायले येऊ? पोरगं कामाले लागलं माहं!"

मग तर एकाच रिंगेचा सपाटा लागला! गल्लीतला देवीलाल कापूस घेऊन यवतमाळला गेला होता. एक रिंग, भाव चढला! पलीकडच्या घरातल्या कांताबाईची आई दवाखान्यात होती. एक रिंग, बरी झाली! गल्लीत पुन्हा हसणं ऐकू येऊ लागलं. "नरहरभाऊ, तुमच्या इंटरनेटचा पायगुण लई बेस हाय," असं लोक म्हणत, आणि मी मोठ्या मनानं मान डोलवत असे.

मग देवीलाल भरलेली गाडी तशीच घेऊन परत आला. कांताबाईला न्यायला माहेरचा माणूस आला, आणि ती आईच्या नावानं हंबरडा फोडतच त्याच्यामागं गेली. शेवटी नागपूरहून उमरखेडला जाणाऱ्या एसटीतून प्रफुल्ल उतरला. आणखी चार कारखान्यांचे उंबरे झिजवून आला होता.

"बाबा, तुम्ही गेले नाही काहून?"

"कायले जाऊ? एक रिंग आलती ना!"

"मी तं दोन देनार होतो! पयलीच वाजली अन् कोनं तरी उचलला. रुपया गेला, अन् कानात कोल्हं केकाटलं!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोडेमकडे पाहिलं. ती फॅक्सची सोय! फॅक्स आला असं समजून डबी पहिल्याच रिंगेला फोन उचलत होती, आणि गल्लीची प्रत्येक वाईट बातमी अर्ध्यावर तोडून चांगली करून देत होती!

मी सगळं समजावून सांगितलं. कोणी चिडलं नाही. चिडले असते तर बरं वाटलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि मी डबीची तारच उपटून टाकली.

काही दिवसांनी मुकादमाची गाडी पुन्हा येणार होती. त्याच दिवशी प्रफुल्लची नागपूरला दुसऱ्या कारखान्यात मुलाखत होती. उकंडा गाठोडं घेऊन दारात उभा, आम्ही सगळे फोनभोवती. गाडीचा हॉर्न वाजला आणि मागोमाग फोन.

ट्रिंग!

सत्यभामाबाईनं आजवर फोनला कधी हातसुद्धा लावला नव्हता. तिनं झडप घालून रिसीव्हर उचलला. आतून "हॅलो" असं काहीतरी आलं, तसा तिनं तो दाबून खाली ठेवला.

"एकच वाजली," ती म्हणाली.

"अहो, पण दुसरी..."

"एकच वाजली जी! तुमी आयकली ना?"

बाहेर मुकादम हॉर्नवरचा हात काढत नव्हता. उकंडा दारातून माझ्याकडे पाहत होता.

"हो," मी म्हणालो. "एकच."

उकंडानं गाठोडं खाली ठेवलं.