धाकूच्या खालची माणसे

कारापूरच्या पद्मावतीबाईंना घरात नळ मिळणार, याबद्दल कचेरीत दुमत नव्हते. गुडघे गेलेले, विहीर उताराच्या तळाशी, कागदपत्रे पूर्ण. एकशे बारा अर्जदारांची यादी टेक्स्ट फाईलमध्ये होती: एका ओळीवर नाव, खालच्या ओळीवर गाव.

दोन ओळींची एक ओळ करण्याचे काम संगणकचालक सर्वेशकडे आले. त्याने पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. फाईल वाचायची, दोन-दोन ओळी जोडायच्या, नव्या फाईलमध्ये लिहायच्या. एकाहत्तरावा अर्जदार होता धाकू. त्याच्या नावाखाली कुणाकडून तरी एन्टर जास्त दाबला गेला होता. प्रोग्रामने ती रिकामी ओळ धाकूचे गाव मानली. त्याचे खरे गाव साखळी. ते उरले, म्हणून त्याला पुढचे नाव जोडले गेले, आणि तिथून खाली सगळेच एकेक ओळ सरकले.

बहात्तरावा अर्जदार झाला: ‘साखळी, राहणार पद्मावती’.

साहेबांच्या सहीने यादी अंतिम झाली. आठवड्याने अभियंता सुदेश मोजपट्टी घेऊन पद्मावतीबाईंच्या दारात आला.

“साखळी इथंच राहतात?”

“साखळी? रस्त्याला लाग रे बाबा, दिसेल.”

“पत्ता पद्मावती लिहिलाय.”

“पद्मावती म्हणजे मी!”

“मग तुमच्यातच राहत असणार,” सुदेश मोजपट्टी उघडत म्हणाला. “नळ कुठं बसवू, तेवढं सांगा.”

मग घरभर शोधून त्याने अहवाल दिला: ‘स्थळपाहणीत साखळी पद्मावतीमध्ये आढळली नाही.’ त्यावर आदेश निघाला: ‘अर्जदार साखळी यांच्याकडे पूर्वीपासून शेकडो नळ असल्याने अर्ज निकाली.’

पद्मावतीबाई कचेरीत गेल्या. सर्वेश म्हणाला, “मावशी, एक रिकामी ओळ पुसायची. दोन सेकंदांचं काम.”

“पुसायची कशी?” साहेब गरजले. “अंतिम यादीत तो धाकूचा पत्ता आहे. माणसाला बेघर करू?”

“अहो, पण अर्ज माझा!”

“अर्ज साखळीचा. तिच्या वतीने बोलायचं तर तिचं अधिकारपत्र आणा. नाहीतर यादी पुन्हा उघडायला निम्म्या अर्जदारांच्या सह्या आणा.”

धाकूच्या खालच्या एक्केचाळीस जणांनी त्याच दिवशी सह्या दिल्या. सगळ्या बाद झाल्या. यादीनुसार ती माणसे अर्जदार नव्हती, पत्ते होते.

राहिले वरचे सत्तर. त्यांचे नळ सुरू झाले होते. पद्मावतीबाई आधी शेजारच्या सुविधाकडे गेल्या.

“सही गो?” सुविधाने भरलेली बादली बाजूला सरकवली. “माझं नाव बरोबर आलंय. यादी उघडली आणि माझंच गाव पळालं तर?”

“आणि आम्ही काय करायचं?”

“पाणी हवं तेवढं ने गो इथनं. कोण नको म्हणतंय? सही तेवढी मागू नको.”

सत्तर घरांनी पाणी देऊ केले, सही एकानेही नाही. साखळी पद्मावतीत राहते हा किस्सा मात्र सगळ्यांनी दोनदा सांगायला लावला आणि पोट धरून हसले.

तुम्हालाही हसू आले असेल, तर काळजी नको. तुमचे नाव धाकूच्या वर आहे.