दामूकाकांची फोर-व्हील

दामूकाका जगातल्या माणसांचे दोनच प्रकार मानतात. टू-व्हील आणि फोर-व्हील. टू-व्हील माणसाची मागची दोन चाकं तेवढी राबतात, पुढची नुसती शोभेला फिरतात. आमच्या सापगावातले सगळे पुढारी, सगळे जावई आणि आमचे हे, काकांच्या हिशेबी टू-व्हील. मी शाळा सांभाळते, घर सांभाळते, सासूबाईंची पथ्यं सांभाळते, तरी मलासुद्धा त्यांनी पहिली दोन वर्षं टू-व्हीलमध्येच बसवलं होतं. "बाई, तुमची पुढची चाकं अजून लागली नायत," असं तोंडावर सांगायचे. शेजारी पडले, ऐकून घेतलं.

काकांचं घर आमच्या कुंपणाला लागून आहे. शहापूरच्या एका गॅरेजात त्यांनी तीस वर्षं काढली. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. ओटीवर पाहुण्याला बसायला जागा नसते, कारण तिथे गेलं वर्षभर जीपचा पुढचा हौसिंग पडून होता. हौसिंग म्हणजे ज्याच्या दोन टोकांना चाकं बसतात तो जाडजूड लोखंडी दांडा. एकदा ग्रामसेवक आले, त्याच्यावरच बसून चहा प्याले आणि पांढऱ्या पँटीला ग्रीस लावून गेले. काका म्हणाले, "चहा फुकट, ग्रीस पण फुकट."

त्यांची जुनी जीप मागच्या दोन चाकांवर चालणारी. तिला चारही चाकांनी ओढायला लावायचं, आणि तेसुद्धा घरच्या अंगणात, जांभळाच्या फांदीला चेन-पुली टांगून, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. गावाला वाटायचं, म्हाताऱ्याला चळ लागलाय. खरं कारण मला एकदाच कळलं. डिझेलमध्ये नटबोल्ट धुताना, माझ्याकडे न बघता सांगितलं त्यांनी.

त्यांची मोठी बहीण जनाताई धसईच्या पलीकडे, डोंगराला टेकलेल्या एका वाडीत राहते. आई लवकर गेली, काकांना तिनेच वाढवलं. वाडीची शेवटची चढण नुसती लाल माती. पावसाळ्यात गाड्या खालीच थांबतात. गेल्या श्रावणात जनाताई तापाने फणफणली. काका जीप घेऊन धावले, पण चढणीच्या पायथ्याशी मागची चाकं जागच्या जागी फिरत बसली. शेवटी वाडीतल्या चौघांनी तिला बांबूला झोळी बांधून खाली आणलं.

"जनमभर दुसऱ्यांच्या गाड्या नीट केल्या बाई," काका म्हणाले, "आन् माझी बहीण झोळीतून आली."

बरी होऊन ती वाडीत परत निघाली, त्या दिवशी त्यांनी तिला सांगून टाकलं: पुढच्या पावसात तुला दारातून गाडीत बसवीन आणि सापगावला आणीन, कायमची. घरात तिच्यासाठी खोली रंगवून घेतली. तिचे गुडघे धरतात म्हणून कमोड बसवला. गावभर चर्चा झाली. काका स्वतः त्याच्याकडे फिरकत नाहीत. "आपल्याला नाय जमत, खुर्चीवर बसल्यागत वाटतं," म्हणतात.

या कामात मलाही जुंपलं. आधी माझ्याकडून खडू नेले. मग म्हणाले, "बाई, तुमी शाळेत मोजताय, हितं पण मोजा." फिरणाऱ्या शाफ्टवर खडूची खूण करायची, चाक फिरवायचं आणि शाफ्टचे फेरे मोजायचे. मागचं आणि पुढचं उत्तर एकच आलं पाहिजे, नाहीतर चाकांची आपसात ओढाताण होते. मी तीन रविवार धुळीत उकिडवी बसून मोजलं. उत्तर बरोब्बर जुळलं. त्याच दिवशी मला फोर-व्हीलमध्ये बढती मिळाली.

वैशाखात उद्घाटन ठरलं. नारळ फुटला, पेढे वाटले, निम्मं गाव कुंपणाला लागलं. काका जीपमध्ये बसले, पुढच्या चाकांना जोर देणारा नवा दांडा ओढला, क्लच सोडला. मागची चाकं पुढे निघाली आणि पुढची चाकं मागे! जीप जागेवरच कण्हली, मधूनच वर उचलल्यासारखी झाली आणि बंद पडली. हसून हसून लोकांची पोटं दुखली. पुढच्या हौसिंगमधले गिअर उलट्या अंगाने बसले होते. मी फेरे मोजले होते, पण ते सुलटे की उलटे हे मला कुणी विचारलंच नव्हतं!

काका शांतपणे खाली उतरले. "काम चोख हाय," म्हणाले, "फक्त दोघांचं एकमेकांशी बोलणं झालेलं नाय." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सगळं उघडून बसले. महिना गेला. मृग लागला तेव्हा कुठे चारही चाकं एका दिशेने फिरायला लागली.

आषाढातल्या एका रविवारी सकाळी कुंपणावरून हाक आली. "बाई, चला. बाईमाणूस सोबत असलं म्हंजे ती नाय म्हणायची नाय. आन् गाडीत वजन पण पायजे." वजनाचं न बोलता भागलं असतं, पण गेले.

किन्हवलीवरून धसई गाठली. आठ दिवस पाऊस लागून राहिला होता. चढणीच्या पायथ्याशी त्यांनी गाडी थांबवली, कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि दांडा ओढला. मी डोळे मिटले. गाडी घसरली, एकदा आडवी झाली, चिखल माझ्या तोंडापर्यंत उडाला. पण पुढच्या चाकांनी माती धरली. डोळे उघडले तेव्हा वाडीतली पोरंबाळं आरडाओरडा करत गाडीबरोबर पळत होती, आणि काकांच्या हनुवटीवरून घाम टपटपत होता. जीप थेट जनाताईच्या ओटीला जाऊन टेकली.

जनाताई सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आधी भावाकडे पाहिलं, मग अंगणाकडे. "दामू, चिखल किती आणलास रे दारात!"

"चल. सामान घे. तुला न्यायला आलोय."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? घरी!"

त्या सूप बाजूला ठेवून हसल्या. "मी हाय ती घरातच हाय. हितं कोंबड्या हायेत, शेजारणी हायेत. दुपारी आमी चौघी जमतो. तुझ्या घरात कोण हाय रे? लोखंड."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला ज्यासाठी आणलं होतं ते बोलायची वेळ आली होती, आणि मी सूप पुढ्यात ओढून खडे वेचायला लागले. कारण जनाताईंचं खरं होतं.

"कमोड बसवलाय," काका अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"मग तू बस त्याच्यावर."

काका वळले. गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढच्या चाकापाशी वाकले. परत आले तेव्हा पायाकडे बघत म्हणाले, "पुढचं बेरिंग वाजतंय. आज गाडी उतरवता यायची नाय."

मी त्याच चाकाच्या वर बसून आले होते. काहीसुद्धा वाजत नव्हतं. इतके दिवस आम्ही सगळे समजत होतो की हा माणूस बहिणीला सोडवायला निघालाय.

जनाताईंनी भावाला नीट न्याहाळलं. "किती दिस लागतील?"

"दोनेक. जास्ती पण लागतील."

त्या आत गेल्या आणि आणखी दोन मुठी तांदूळ आणून त्यांनी सुपात टाकले. मी चपला हातात घेऊन चढण उतरले आणि धसईवरून एस्टीने घरी आले.

अकराव्या दिवशी काकांचा फोन आला. खिडकीतून पाऊस आत येत असेल, तेवढं बघा म्हणाले.

"बेरिंगचं काय झालं?" मी विचारलं.

"वाजतंय अजून."

तेवढ्यात फोनमध्ये मागून जनाताईंची हाक आली, "दामू, ऊठ रे, भात निवतोय." काका फोन बंद न करताच गेले. पाट सरकवल्याचा आवाज आला, ताटं वाजली, कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि काका मोठ्याने हसले. शेजारी राहून इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. त्यांचं जेवण होईपर्यंत मी फोन कानाला लावून तशीच उभी होते.