बाबांच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत

प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी एका गादी कंपनीने स्वतःच्या स्टॉलवर, स्वतःच्या पडद्यांवर, स्वतःच्याच गाद्यांची जाहीर खरडपट्टी काढली आणि लोकांनी त्या गाद्यांवर आडवं व्हायला रांग लावली. मात्र असं काही घडलंच नाही, असं कंपनीचं म्हणणं आहे. कंपनी म्हणते म्हणजे घडलं नसणार. तेव्हा जे घडलंच नाही ते कसकसं घडत गेलं, तेवढंच पाहू.

कंपनीत एक कंटेंटवाला होता. नोकरी अजून कच्ची. "प्रदर्शन नीट पार पडलं तर पक्का, नाहीतर घरच्या गादीवर कायमचा मुक्काम," असं साहेबांनी हसत हसत सांगितलं होतं. साहेब हसत हसत सांगतात ते करून दाखवतात. काम तसं सोपं होतं. स्टॉलवर गाद्या मांडलेल्या आणि प्रत्येक गादीच्या वर, छताला, एक पडदा. पाहुणा आडवा झाला की पडदा जागा व्हायचा आणि गादीचे गुण गायचा. सगळ्या पडद्यांचा मजकूर एकाच कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिममधून जायचा. लॅपटॉपवर लिहा, पाठवा, छताला दिसेल. अट एकच: लिहिणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा.

मंजूर करणारे अर्थात साहेब. पण साहेब पासवर्ड इतक्या वेळा विसरले, की शेवटी सिस्टिमच साहेबांना विसरली. कंटेंटवाल्याने वैतागून मंजुरीच्या रकान्यात घरात जो माणूस रिकामा होता त्याचा नंबर घातला.

"बाबा, मोबाईलवर हिरवं बटण आलं की दाबायचं. वाचायबिचायचं काही नाही."

"न वाचता?"

"न वाचता."

"बरं," बाबा म्हणाले.

बाबा निवृत्त होईपर्यंत विमा कंपनीत दावे तपासायचे. त्यांच्या टेबलावरून सहीसलामत सुटलेला दावा पाहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तरी रंगीत तालमीत त्यांनी इमानेइतबारे बटणं दाबली. दुर्दैवाने, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेबांनी सगळा मजकूर नव्याने लिहायला लावला आणि त्याच दिवशी बाबांचा चष्मा दुरुस्त होऊन आला.

सकाळी दारं उघडली. पहिले गृहस्थ आडवे झाले. पडदा जागा झाला: 'मंजुरीच्या प्रतीक्षेत.' गृहस्थांना वाटलं, झोपायलाही मंजुरी लागते. ते हात छातीवर ठेवून शिस्तीत वाट पाहत राहिले. शेजारच्या गादीवर त्यांची बायकोही तेच करू लागली.

कंटेंटवाल्याने फोन लावला. "बाबा, बटण!"

"दाबलं की. लाल."

"लाल कशाला?"

"'जगातली सर्वोत्तम गादी.' जगातल्या किती गाद्यांवर झोपलायस तू? मावशीकडे गेलास तेव्हा गादी टोचते म्हणून फरशीवर झोपलास."

"अहो, जाहिरातीत तसंच लिहितात!"

"लिहीत असतील. मंजूर मी करतोय."

"आईला द्या फोन."

"ती म्हणते, मी यात पडत नाही."

मागून आईचा आवाज आला, "'ढगांवर झोपल्याचा भास' तर मुळीच देऊ नका हो! ढगावरून माणूस पडेल!"

मंजूर करणाऱ्याला दुरुस्तीचाही अधिकार असतो, हे मुलाने बाबांना जन्मात सांगितलं नसतं. सिस्टिमने सांगितलं. थोड्या वेळाने पहिल्या गृहस्थांच्या डोक्यावर अक्षरं उमटली: 'ही गादी बरी आहे. आमच्याकडे आहे, मुलाला कंपनीत सवलत मिळाली. सुरुवातीला वास येतो. बसायला छान, उठायला जड जाते. पाठ दुखत असेल तर डॉक्टरांकडे जावे, गादीकडे नको.'

गृहस्थ खो खो हसले. मग बायकोच्या पडद्यावर, सगळ्यांत महागड्या गादीबद्दल: 'हिच्यात आणि शेजारणीत फरक फक्त रंगाचा. दिवा घालवल्यावर तोही उरत नाही.'

बघता बघता स्टॉलवर गर्दी उसळली. लोक एका गादीवरून उठून दुसरीवर पडत होते आणि वाचलेलं एकमेकांना मोठ्याने सांगत होते. नेमके तेव्हाच साहेब आले. सोबत हॉटेलांच्या मालकीणबाई. त्यांच्या हॉटेलांची गाद्यांची ऑर्डर मिळवण्यासाठीच तर एवढा थाट केला होता. साहेब काही बोलायच्या आत बाई आडव्या झाल्या आणि वर बघू लागल्या. साहेबांनीही वर पाहिलं.

"हे कुणी मंजूर केलं?" साहेबांनी दातांमधून विचारलं.

"वरिष्ठांनी."

"वरिष्ठ मी आहे!"

"माझ्या घरच्या वरिष्ठांनी, साहेब."

बाई हसून हसून गादीवर उसळत होत्या. गादी उसळते चांगली, एवढं मात्र सिद्ध झालं. "मला या लिहिणाऱ्याशी बोलायचंय," त्या म्हणाल्या. कंटेंटवाल्याने फोन स्पीकरवर टाकला.

"वास कितपत टिकतो हो?"

"खिडकी उघडी ठेवलीत तर लवकर जातो," बाबा म्हणाले. "तुमच्या हॉटेलात खिडक्या उघडतात का?"

"नाही. एसी आहे."

"मग घेऊ नका."

साहेब जवळच्या गादीवर बसले. उठायला जड जाते हे त्यांना लगेच पटलं.

बाई उठून बसल्या. "आजवर मला सगळ्यांनी 'घ्या'च म्हटलंय," त्या म्हणाल्या. "खिडक्या उघडत्या करून घेते. सगळ्या हॉटेलांना याच गाद्या पाठवा."

ऑर्डर मिळाली. साहेबांनी कंटेंटवाल्याला मिठी मारली आणि म्हणाले, "तू पक्का झालास! आणि आजपासून कंपनीचं प्रत्येक कागदपत्र बाबांच्या मंजुरीनेच जाणार."

दुसऱ्या दिवशी नोकरी पक्की करण्याचा प्रस्ताव शेरा घेऊन परत आला: 'मुलगा प्रामाणिक आहे, पण सकाळी उठत नाही. विचाराधीन.'

कंटेंटवाल्याने त्याच दिवशी साहेबांना अर्ज केला. साहेबांनी तो नियमानुसार मंजुरीसाठी पुढे पाठवला, म्हणजे बाबांकडे. अर्जाचा शेवट असा होता:

'सबब, अर्जदारास केवळ कार्यालयीन वेळेपुरते दुसरे वडील उपलब्ध करून द्यावेत, आणि ते शक्य नसल्यास सध्याच्या वडिलांचा चष्मा पुन्हा दुरुस्तीस पाठवण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.'