डोक्याखालचं प्रमाणपत्र

काकांच्या उश्यांच्या दुकानात कुठल्याही गोष्टीची परीक्षा एकाच पद्धतीने व्हायची: डोक्याखाली घ्यायची आणि दुपारी झोपून बघायचं. कापूस, खोळी, शिवण, सगळं असंच पास-नापास झालेलं.

त्यामुळे दुकानाची वेबसाइट सांभाळणाऱ्या पुतणीने सकाळी सांगितलं की साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र आज तीन वाजता संपतंय, नवं फुकट मिळतंय, नुसतं हो म्हणा, तेव्हा काकांनी डोळे अर्धे मिटले.

"फुकट देणाऱ्याला यात काय मिळतं?"

"काही नाही. सगळ्यांच्या साइट सुरक्षित राहाव्यात, एवढंच."

"म्हणजे नक्की काहीतरी आहे."

तिने समजावलं. विकतचं घ्या की फुकटचं, कुलूप तितकंच पक्कं. हे फक्त दर नव्वद दिवसांनी नवं करायचं. चार वाजता अतिथीगृहाच्या मॅडम साइटवरून साठ उश्या मागवणार होत्या, आणि ती ऑर्डर हुकली तर दुकानालाच कुलूप लागणार होतं. काकांना सगळं पटलं. पण पद्धत ती पद्धत. पुतणीला त्या प्रमाणपत्राची माहिती छापून आणावी लागली. अकरा पानं भरली. काकांनी ती गल्ल्यामागच्या गादीवर, उशीवर रचली आणि दोन वाजता आडवे झाले. मंजुरीचा आकडा ज्या मोबाइलवर येणार, तो छातीवर दोन्ही हातांखाली.

पावणेतीनला तिने गल्ल्यावरूनच हात लांबवून त्यांना हलवलं. "चाचणी चालू आहे," असं म्हणून त्यांनी मोबाइलसकट कूस बदलली.

शेजारी पत्रे कापायचं यंत्र किंचाळत होतं. इकडे मात्र कापसाचे तंतू उन्हात इतके सावकाश तरंगत होते, की दुकान पाण्याखाली गेलंय आणि कुणाचीच काही तक्रार नाही, असं पुतणीला वाटू लागलं. त्या पाण्यात तीन वाजले. साइटवर लाल पाटी आली: ही जागा सुरक्षित नाही, मागे फिरा.

सव्वाचारला मॅडम स्वतःच दारात उभ्या. उश्यांमध्ये एवढं धोक्याचं काय असतं, ते बघायला आल्या होत्या. पुतणी खुलासा करणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. गल्ल्यावरून काकांचा शांत चेहरा तेवढा दिसत होता. पलीकडे पत्रा किंचाळला. काका ढिम्म.

"कधीपासून?" मॅडमनी कुजबुजत विचारलं.

"दोनपासून."

"माझ्या पाहुण्यांना पंख्याच्या आवाजानेसुद्धा जाग येते." त्यांनी पर्स उघडली. "यांच्या डोक्याखाली जी आहे, तीच द्या. साठ."

पैसे देऊन त्या चवड्यांवर चालत निघून गेल्या. पाचला काका उठले. मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. गालावर अक्षरं उलटी उमटली होती.

"फुकटचंच घे," त्यांनी निकाल दिला. "अशी झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती."

मग वाकून त्यांनी गादीपलीकडे पडलेली उशी उचलली.

"ही मात्र नापास. पाचच मिनिटांत फेकून दिली मी. हिच्यातली एकही विकू नकोस."