मामा तलावाचा भाचा

झिंगरूभाऊसमोर कुठल्याही मोठ्या माणसाचं नाव काढा. तो तोंडातली विडी काढणार, डोळे जरासे मिटणार आणि म्हणणार, "आपलाच हाय तो." मग तो चांद्याचा डेपुटी कमिशनर असो, नागपूरचा पहिलवान असो, नाहीतर शंकरपटाच्या शर्यतीत पहिला आलेला बैल असो. बैलाचं मी रंगवून सांगत नाही. पट संपल्यावर हा गर्दीतून पुढे झाला, बैलाच्या पाठीवर घरच्यासारखी थाप मारली आणि मालकाला म्हणाला की याची माय आपल्या मावसभावाच्या गोठ्यातली. मालक नवा फेटा बांधून उभा होता. आनंदाच्या भरात त्याने तेही मान्य करून टाकलं.

मी तेव्हा मूल गावच्या शाळेत मास्तर म्हणून नवीनच आलो होतो. झिंगरूभाऊचं घर माझ्या खोलीला लागूनच. सकाळी तलावात जाळं टाकायचं, बाजारात मासोळ्या विकायच्या आणि उरलेला दिवस नातेवाइकांत घालवायचा, असा त्याचा दिनक्रम. नातेवाईक सगळे तोंडी. त्याच्या अंगणात पाहुणा म्हणून आलेला माणूस मी कधी पाहिला नाही.

पहिल्याच भेटीत त्याने माझं आजोळ विचारलं. मी सेलू म्हणालो आणि चहाची कपबशी खाली ठेवायच्या आत त्याचा साळा झालो. त्याच्या सासूची कोणी चुलतबहीण सेलूला दिली होती म्हणे. या गृहस्थाचं लग्नच झालेलं नाही, हे मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं. पण तोवर मला साळा असण्याची सवय लागली होती, आणि परगावी एकट्या माणसाला साळा असणंही काही वाईट नसतं.

एकदा ताडोब्याच्या जंगलातल्या एका वाघाने कुठल्याशा शिकारी साहेबाला झाडावर चढवून बसवल्याची बातमी आली. साहेबाची बंदूक खाली आणि वाघ बंदुकीजवळ. हॉटेलात जो तो वाघाचं कौतुक करत होता. बोलता बोलता सगळे थांबले आणि झिंगरूभाऊकडे बघू लागले. वाघ काही याला जमायचा नाही, अशी आमची खात्री होती. त्याने विडी काढली.

"मोहर्लीच्या आपल्या मावशीची बकरी खाऊनच मोठा झाला तो."

त्याच सुमारास मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, गेली. मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले आणि एक सरकारी माणूस येऊन आमच्या तलावाच्या पाळीवर पाटी ठोकून गेला. 'माजी मालगुजारी तलाव' एवढं लांबलचक लिहायचा त्याला कंटाळा आला असावा. त्याने नुसतं 'मा. मा. तलाव' लिहिलं. झिंगरूभाऊने ती पाटी माझ्याकडून वाचून घेतली, मग पुन्हा एकदा वाचून घेतली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की तलाव झिंगरूभाऊच्या मामाचा निघाला. मी त्याला टिंबांचा अर्थ समजावून सांगितला. तो म्हणाला, मास्तर, सरकार खोटं कायले लिहीन? तेव्हापासून पोरं त्याला मामा तलावाचा भाचा म्हणू लागली आणि तो ओ देऊ लागला.

या सगळ्या गोतावळ्यात त्याचा सर्वांत लाडका नातेवाईक म्हणजे डोमाजी. डोमाजीचा डोंगा वैनगंगेवर चालायचा. पूर आलेल्या नदीतून त्याने एका अडलेल्या बाळंतिणीला पलीकडे नेलं होतं आणि आसपासच्या गावांत त्याचं नाव झालं होतं. हा डोमाजी आपला चुलतभाऊ, एका कुळाचे आपण, असं झिंगरूभाऊ ओळखीच्याला आणि अनोळख्याला सांगे. डोमाजीला या भावाचा पत्ताही नव्हता.

दुसरा भाऊ त्याने आमच्याच आळीत केला होता. सरूचा बाप. सरूचे आईबाप ती लहान असतानाच गेले. बयाबाई नावाच्या एका म्हाताऱ्या विधवेने तिला वाढवलं. कोणी पोरीला पोरकी म्हटलं की झिंगरूभाऊ अंगावर यायचा. तिचा बाप आपला सख्खा चुलतभाऊ, मंग ते पोरकी कशी? रोज बाजारात जाताना बयाबाईच्या दाराशी पळसाच्या पानात बांधलेल्या मासोळ्या ठेवून जायचा. सरू त्याला काका म्हणायची.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या मात्र तेव्हा आलं नव्हतं. सरूसाठी स्थळ आलं ते नेमकं डोमाजीच्या मुलाचं.

बयाबाईने अंगण सारवून घेतलं. मास्तर म्हणून मला बाजेवर बसवलं, काका म्हणून झिंगरूभाऊला शेजारी. डोमाजी आला, मोठाल्या मिशांचा, थोड्याच बोलण्याचा. सोबत त्याचा म्हातारा काका. म्हातारा घराण्याच्या बाबतीत कडक होता. त्याने येता येता बाजारात चौकशी केली होती आणि बाजाराने त्याला हसत हसत सगळं सांगितलं होतं. चहा झाला. म्हाताऱ्याने काठी मांडीवर आडवी घेतली आणि झिंगरूभाऊकडे वळला.

"पोरीचा बाप तुमचा भाऊ. डोमाजीई तुमचा भाऊ. मंग हे पोरगा-पोरगी कोन झाले?"

भाऊबहीण झाले. एका कुळात लग्न होत नाही. बयाबाई परोपरीने सांगू लागली की पोरीच्या बापाचं कूळ वेगळं, त्याचा देव वेगळा. म्हातारा म्हणाला, सारा बाजार एक सांगते आन तू एकटीच दुसरं सांगून राह्यली. दाराआड सरूच्या बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या. असलं स्थळ सरूला पुन्हा येणार नव्हतं, हे अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मला वाटलं, यात काय आहे, सरूच्या बापाला सोडून दे म्हणजे झालं. मेलेला गरीब माणूस, त्याची फुशारकी कोण मारणार? पण त्याला सोडलं असतं तर पोरीच्या बाजूने अंगणात बसायला एकही माणूस उरला नसता. झिंगरूभाऊने विडी जमिनीवर विझवली.

"डोमाजी माहा कोनी नाई. मी खोटं सांगत होतो."

हे तो डोमाजीच्या तोंडावर म्हणाला. म्हातारा तेवढ्यावर ऐकणारा नव्हता. एक खोटं तं दुसरंई खोटंच असन, म्हणाला. पोरीचा बाप?

"तोई नाई."

"मंग तुमचं कूळ कोनतं?"

 झिंगरूभाऊ खाली बघत बोलू लागला.

"मले काय मालूम? माय धान रोवण्याच्या कामाले आली होती, हैज्याच्या साथीत गेली. मी एवढासा होतो. कोन्या गावची होती, कोनाची होती, कोनालेच पत्ता नाई. ज्यानं घास देल्ला त्याच्या घरी वाढलो. मी कोनाचा हाय हेच मालूम नाई, तं मी कोनाचाई असू शकतो ना? म्हनून सगळ्यायले आपलं म्हनत होतो." मग मान वर करून तो म्हणाला, "पन पोरगी चांगली हाय. हे खोटं नाई."

 बैल, वाघ, सेलूची चुलतसासू, सगळे एका रांगेत माझ्या डोळ्यांपुढे आले आणि एकाचंही हसू येईना. बयाबाईने पदर डोळ्यांना लावला. म्हातारा काठीकडे बघत बसला.

डोमाजी इतका वेळ बोलला नव्हता. त्याने मिशीवरून हात फिरवला.

"इवाई, पानी पाजा."

इवाई म्हणजे व्याही. झिंगरूभाऊने मागे वळून पाहिलं, की हा कोणाला म्हणतोय. मागे नुसती भिंत होती. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो धावत आत गेला, गडवा भरून घेऊन आला आणि गडबडीत सगळं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. आधी म्हातारा हसला, मग सगळं अंगण. दाराआड बांगड्या पुन्हा वाजल्या.

कूळ नसलेला माणूस बापाच्या कुळातला काका होऊ शकत नव्हता, म्हणून डोमाजीने त्याला मामा करून टाकलं. नवरीच्या मागे कोणीतरी उभं राहायला हवंच होतं. लग्नात झिंगरूभाऊ माझा कोट घालून सरूच्या मागे उभा होता. काल काका असलेला माणूस आज मामा कसा, असं वऱ्हाडातल्या एका बाईने विचारलंही. पण तोवर अक्षता पडल्या होत्या. तो कोट मी परत मागितला नाही.

त्यानंतर एक बदल झाला. कमिशनर, पहिलवान, बैल सगळे पूर्वीसारखेच आपले राहिले. पण हॉटेलात कोणी वैनगंगेवरच्या डोमाजीची गोष्ट काढली की आम्ही वाट बघायचो आणि झिंगरूभाऊ खाली मान घालून चहा प्यायचा. खऱ्या नात्याची फुशारकी मारायची त्याला लाज वाटत होती.

दिवाळीला सरू पहिल्यांदा माहेरी आली. सोबत तिची लहान नणंद होती. आम्ही दोघं पाळीवर होतो, झिंगरूभाऊ जाळं सोडवत बसलेला. त्यांची बैलबंडी पाटीजवळ आली तशी नणंदेने विचारलं की वहिनी, हा एवढा मोठा तलाव कोणाचा?

"माह्या मामाचा," सरू म्हणाली.

बंडी पुढे गेली. झिंगरूभाऊचे हात जाळ्यातच राहिले होते. मी त्याच्याकडे बघत राहिलो, आता म्हणेल, मग म्हणेल. पण आपलाच हाय म्हणायचं तो त्या दिवशी विसरून गेला.