गुलाबाची एक पाकळी कमी

"एका दमात पाच कागद कापतं माझं यंत्र! शुभेच्छापत्र करावं तर मीच!" असं एलुनेड दिसेल त्याला सांगायची. वेल्सच्या त्या डोंगरी गावातली माणसं भली, म्हणून ऐकून घ्यायची.

रविवारी चॅपेलमध्ये, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात, उपदेशकांनी क्षमेवर प्रवचन लावलं. रंगात आले की त्यांचं बोलणं आपसूक सुरात शिरायचं, आणि मग मंडळी, अख्खी बाकं डोलायची! एलुनेडच्या डोळ्यांना तर धारच लागली. पलीकडच्या बाकावर तिची नणंद ब्रॉनवेन बसली होती. तीन वर्षांचा अबोला! चॅपेलच्या चहाला एलुनेडचा मनुकापाव चाखून ती म्हणाली होती, "दार अडवायला बरा आहे!" स्तोत्रांतला खालचा सूर या दोघीच गायच्या, तेव्हापासून तो दोन बाकांत फाटला होता. आणि स्तोत्रगायनाचा उत्सव तर पुढच्याच रविवारी!

ब्रॉनवेनचं घर सतरा पावलांवर. पण पावलं टाकून माफी मागेल ती एलुनेड कसली! घरी येऊन, चॅपेलचा पोशाख न बदलताच, तिने गुलाबाचं शुभेच्छापत्र करायला घेतलं. नेमका गुलाबी कागद संपलेला. कपाटाच्या तळाशी, हातमोज्यांखाली मात्र एक जाडजूड गुलाबी पाकीट होतं, भांडणानंतर ब्रॉनवेननेच पाठवलेलं. "शिव्याच असणार!" म्हणून एलुनेडने ते फोडलंच नव्हतं. आताही फोडायचं नव्हतं. पण इतका छान कागद वाया घालवायचा? तिने पाकीट तसंच्या तसं पाकळ्यांच्या साच्याखाली सारलं आणि दांडा फिरवला. कर्रर्र! पाचाच्या जागी आठ थर कापले गेले! एलुनेडला यंत्राचं कोण कौतुक वाटलं! शाईची बाजू खाली करून, एक अक्षरही न वाचता, तिने पाकळ्या चिकटवल्या. टोकं पेन्सिलीवर सुरेख वळवली, खाली 'क्षमा असावी' लिहिलं आणि शुभेच्छापत्र नणंदेच्या दारातून आत सरकवलं.

सकाळी दारावर धपाधप थापा!

"वहिनी! ही क्षमा मागतेस की उद्धार करतेस? ही वळलेली पाकळी म्हणते 'हट्टी'. ही 'गाढवा'. आणि ही 'तोंडाळ'!"

"देवाशपथ वन्सं, मी नाही लिहिलं! अहो, अक्षर तर बघा, तुमचंच आहे!"

"म्हणजे माझ्याच शिव्या मला आहेर?"

एलुनेडने टोपलीतून पाकिटाची उरलेली जाळी काढली. दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. एकेक पाकळी सोडवून आपापल्या भोकात बसवू लागल्या. पत्र हळूहळू बोलू लागलं: "वहिनी, मी हट्टी आहे. गाढवासारखी बोलले. माझं तोंडाळपण पोटात घाल."

एलुनेडला हुंदका आवरेना. तीन वर्षं ही माफी कपाटात, हातमोज्यांखाली! शेवटच्या ओळीत मात्र एक भोक रिकामंच राहिलं: "चूक, खरं सांगायचं तर, ( ) होती."

"'माझी' असणार," ब्रॉनवेन खाली बघत म्हणाली. "मी दुसरं काय लिहीन?"

"किती मोठं मन हो वन्सं!" म्हणत एलुनेड तिच्या गळ्यात पडली.

उत्सवाला दोघी एका बाकावर. खालचा सूर असा लागला की उपदेशकांनी मान वळवून पाहिलं! तिसऱ्या कडव्याला एलुनेडला चॅपेलच्या त्याच पोशाखाच्या बाहीच्या घडीत काहीतरी चिकटलेलं दिसलं. गुलाबी पाकळी. तिच्यावर ठसठशीत अक्षरांत: 'तुझी'.

"काय गं ते?" ब्रॉनवेन कुजबुजली.

"कुठं काय!" म्हणत एलुनेडने पाकळी तोंडात टाकली.

पुढचं कडवं ब्रॉनवेनला एकटीनेच ओढावं लागलं. एलुनेड गिळत होती, पण गोंद टाळूला धरून बसला होता.