साठ दातांची करवत

एका जंगलात सगळी चूक म्हाताऱ्या गव्याची होती.

मुलांनो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर गोष्ट संपल्यावर तुमच्यातलाच कुणीतरी आगाऊ म्हणेल, "पण त्यांचा हेतू चांगला होता." हेतू चांगलाच होता. चूकही त्याचीच होती.

तर त्या जंगलात बकुळा नावाची एक घोरपड सुतारकाम करायची. छप्पर उभारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तीन पायांनी वाशाला घट्ट चिकटायची आणि चौथ्याने काम करायची.

सशिणीचे दिवस भरत आले होते आणि तिच्या बाळंतघराला छप्पर नव्हतं. पाच दिवसांत चढवते, असा बकुळाने शब्द दिला होता. पण हातकरवत ओढून ओढून तिचं मनगट सुजलं होतं. म्हणून तिला विजेवर चालणारी, गोल पात्याची करवत हवी होती.

"हलकी हवी, एका हातात पेलणारी," ती म्हणाली. "पातं सात इंची, चोवीस दातांचं. आणि पात्यावर आपोआप मिटणारं झाकण."

एवढं ठाऊक होतं तर बाईने सरळ दुकान गाठायचं. पण त्या जंगलात रीत अशी, की यंत्र घ्यायला जाताना वडीलधारं कुणीतरी बरोबर न्यायचं. म्हणून दाजीसाहेब गवे निघाले. दाजीसाहेब निघाले म्हणून गणोबा कासव निघालं. गणोबाचं वय दीडशे. दीडशे वर्षांत त्याने एक काटकीसुद्धा कापली नव्हती. त्यामुळे सगळ्या बाबतींत त्याच्या मताला मान होता.

दुकान हाकेच्या अंतरावर होतं. गणोबा बरोबर असल्यामुळे जाण्यायेण्यात दोन दिवस गेले.

मुंगूसशेठने करवती मांडल्या. दाजीसाहेबांनी एक उचलली आणि टिचकी मारली.

"आवाज बद्द येतोय."

"दाजीसाहेब, ती करवत आहे. घागर नाही."

"बकुळे, आम्ही केस उन्हात पांढरे केलेले नाहीत."

गव्याचे केस काळेकुळकुळीत होते. पण बोलणार कोण?

मग दाजीसाहेबांनी दोन हातांत दोन करवती तोलल्या, तांब्याचा हंडा घेताना तोलतात तशा.

"जड ती टिकाऊ. ही नऊ इंची बांध रे."

"अहो, मला ती वर वाशावर बसून धरायची आहे!"

"धर की मग. तरुण आहेस."

पात्यांची पाळी आली. दाजीसाहेबांनी दात मोजले.

"हे चोवीस दातांचं. आणि त्याच किमतीत हे साठ दातांचं. छत्तीस दात जास्तीचे मिळतायत, पोरी!"

"साठ दातांचं प्लायवूडला वापरतात. जाड लाकूड ते जाळतं, कापत नाही."

"तोंडात दात असलेले बरे," गणोबा म्हणाला. त्याला स्वतःला एकही नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळंतघरापुढे करवतीची पूजा मांडली. जंगलातले सगळे म्हातारे जमले. दाजीसाहेब कुंकवाचं बोट घेऊन पुढे झाले आणि थबकले.

"पातं झाकलेलं? मग कुंकू काय मुठीला लावू?"

त्यांनी झाकण मागे ओढलं आणि लाल नाड्याने करकचून बांधून टाकलं. पात्याला कुंकू लागलं. नारळ फुटला. बकुळा नाडा सोडायला गेली, तर सगळे म्हातारे एकदम ओरडले, "हां! हां! पूजेचा दोरा सव्वा महिना सोडत नाहीत!"

"सव्वा महिन्यात सशीण आणखी एकदा बाळंत होईल!"

"मग थांब कोण म्हणतंय? उघड्या पात्याने चालव. आमच्या वेळी कुठे होतं झाकण?"

"तुमच्या वेळी ही करवत तरी कुठे होती?"

"उलट उत्तरं नकोत," दाजीसाहेब म्हणाले. "पहिला काप मी मारतो. बघ आणि शीक."

करवत सुरू झाली. वासा कापला जाईना. धूर मात्र भरपूर निघाला. म्हाताऱ्यांना वाटलं धूप आहे. त्यांनी हात जोडले. तेवढ्यात माकडं झेंडूचा हार घेऊन आली. हार म्हटल्यावर दाजीसाहेबांनी पातं फिरत असतानाच करवत खाली ठेवली आणि मान वाकवली.

झाकण मिटलेलं असतं तर करवत गपगुमान पडून राहिली असती. उघडं पातं जमिनीला टेकलं आणि करवत चाकासारखी धावत सुटली. समोर वाकलेलं डोकं होतं. डावं शिंग बुडापासून गेलं.

साठ दातांचं पातं, मुलांनो. कड इतकी गुळगुळीत, की पॉलिशसुद्धा नको.

बकुळाने झटकन प्लग उपटला. सगळे दाजीसाहेबांभोवती धावले. मग दाजीसाहेबच बोलले.

"बघितलंस? म्हणूनच म्हणतो, असली वस्तू तरुण पोरांच्या हातात देऊ नये."

"अगदी बरोबर," बाकीचे म्हणाले. मिरवणुकीने त्यांना वैद्याकडे नेलं. गणोबा सगळ्यांच्या पुढे होता, म्हणून बकुळाला दोन दिवस निवांत मिळाले.

तिने नाडा सोडला. झाकण खटकन मिटलं. पातं काढून ती मुंगूसशेठकडे धावली.

"हे साठचं ठेव, मला चोवीसचं दे."

"पूजा झालेला माल परत घेत नाही."

"अरे, छत्तीस दात जास्तीचे मिळतायत तुला!"

मुंगूसशेठने बोटं मोजली आणि पातं बदलून दिलं.

करवत वर चढवण्याइतकी हलकी नव्हतीच. तिने सगळे वासे खाली जमिनीवर, दोन्ही हातांनी धरून कापले आणि एकेक करून वर नेले. पाचव्या दिवशी दुपारी शेवटचा वासा बसला. संध्याकाळी पाऊस आला आणि सशीण बाळंत झाली. नऊ पोरं, सगळी कोरडी.

आठवड्याने बाळंतघरावर पाटी लागली : 'मार्गदर्शक – दाजीसाहेब गवे. विशेष साहाय्य – गणोबा कासव.'

"आणि माझं नाव?" बकुळाने विचारलं.

"जागा उरली नाही," गणोबा म्हणाला. "पुढच्या वेळी बघू."

तात्पर्य : यंत्र घेताना वडीलधाऱ्यांना अवश्य बरोबर न्यावं, आणि पहिला काप मारायचा मान त्यांनाच द्यावा. दाजीसाहेबांना तो एका शिंगाला पडला.